राणी अजून काठावरच

अंबड चौफुलीवर रिक्षानं गचका खाल्ला आणि नंदाबाईच्या तोंडून मोठ्यानं "हूं" निघालं. रिक्षात कुणीच काही बोललेलं नव्हतं. एका अंगाला मोसंबीची पिशवी मांडीवर घेतलेला म्हातारा पेंगत होता, दुसऱ्या अंगाला कॉलेजची एक पोरगी कानात काहीतरी पांढरं खुपसून खिडकीबाहेर बघत होती. तिनं ते पांढरं काढलं आणि विचारलं, "मला काही म्हणालात का आजी?" नंदाबाई ओशाळली. "न्हाई माय. तू ऐक तुझं." पोरगी हसली, पुन्हा कान बंद करून बसली. पण नंदाबाईला आपल्याच आवाजानं धरून ठेवलं. ते कण्हणं नव्हतं, सुस्काराही नव्हता. तिला तो आवाज चांगला ठाऊक होता. शेवटाला किंचित वर उचललेला, म्हणजे ऐकून राह्यले, पुढं सांग, असा. पक्का हुंकारा होता तो, कहाणी ऐकताना देतात तसला. आणि कहाणी सांगणारी तर रिक्षात नव्हती. ती बदनापूरला जायची बांधाबांध करून, आजचा शेवटचा दिवस भरायला, एव्हाना बियाण्याच्या प्लँटच्या फाटकाशी पोचलीसुद्धा असेल. आसराबाई कधी उशिरा येत नसे.

शनिवार होता. सोमवारपासून आसराबाई येणार नव्हती. हे तिनं परवा नंदाबाईला पाण्याच्या टाकीजवळ सांगितलं होतं, हातातला डबा विसळता विसळता, फार काही नसल्यासारखं. "मी जाऊन राह्यले लेकाकडं, रामेश्वरकडं. बदनापूरला. शनवारपस्तोर येते, मंग न्हाई." आणि तेव्हा नंदाबाईच्या तोंडून काय निघालं? "हूं." एवढंच. तीस वर्षांहून जास्त जिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो, ती उठून जाते म्हणाली, आणि आपण म्हणालो हूं, म्हणजे जणू पुढं सांग, मग काय झालं. आसराबाई डबा हातात धरून जरा वेळ उभी राहिली होती. नळ चालूच होता. मग तिनं नळ बंद केला आणि निघून गेली. ती कशासाठी थांबली होती हे नंदाबाईला रात्री भाकरी थापताना कळलं, आणि तव्यावरची भाकरी करपली. नवरा, आबाराव, आतून ओरडले, "करपून राह्यली की गं!" त्यालाही ती हूं म्हणाली.

औद्योगिक वसाहतीकडे वळल्यावर रस्ता सरळ होतो आणि रिक्षाचा आवाज एकसारखा होतो. त्या घरघरीनंच ते हूं बाहेर काढलं असणार, असं नंदाबाईला वाटलं. मशीनची घरघर अशीच असते. त्या घरघरीत कानात नारिंगी बोळे घालून दिवसभर उभं राहिलं की आतल्या आत काहीतरी चालू होतं, कुणीतरी बोलून राह्यलंय असं वाटतं, आणि मान आपोआप हलते. छकुली म्हणायची, "मावशी, तुम्ही मशीनला काय होय होय म्हणून राह्यल्या?" पोरगी चेष्टेत म्हणायची. ती कामावर नवी होती, तिला जुनी शेड ठाऊकच नव्हती.

जुनी शेड म्हणजे नुसते पत्रे होते. उन्हाळ्यात वरून आग ओतायची. खाली गोणपाटं अंथरून बायका दोन ओळींत समोरासमोर बसायच्या, मधे बियाण्याचा ढीग, प्रत्येकीपुढं एक परात. भेंडीचं बी असायचं, मिरचीचं असायचं, कधी ज्वारी. फुटकं, काळं, किडकं, दुसऱ्या जातीचं बी आणि खडे बाजूला काढायचे, चांगलं परातीत राहू द्यायचं. रामकिसन मुकादम दोन ओळींमधून चपला वाजवत हिंडायचा. त्याचं म्हणणं एकच, तोंड बंद तर हात चालू. पण बायकांचं उलटं होतं. तोंड बंद झालं की हात जड व्हायचे, पापण्या मिटायच्या, दुपारच्या उकाड्यात बी नुसतं हलत राहायचं आणि डोळ्यांना दिसायचं बंद व्हायचं. पहिल्याच हंगामात एका अशा दुपारी नंदाबाईच्या शेजारची काळी, उंच, नाकात मोठी चमकी घातलेली बाई आपल्याआपणच म्हणाली, "एक होती राणी. तिला राजानं भायेर काढलं." पलीकडच्या बायांनी वर पाहिलं. कुणी काही बोललं नाही. ती बाईही गप्प झाली. मग नंदाबाईकडं वळून म्हणाली, "अगं, हूं म्हन की. हुंकाऱ्याबिगर कहानी कशी चालंल? बैल न्हाई तर गाडी हाय का?" आणि नंदाबाई, चारचौघांत कधी न बोलणारी, कुंभार पिंपळगावहून नवऱ्यामागं जालन्याला येऊन वर्षही न झालेली, म्हणाली, "हूं."

ती आसराबाई. तिच्या माहेरची माणसं मेंढरं घेऊन हिंडणारी, आठ महिने रानात. तिला वाटायचं की रस्ता आणि कहाणी एकच गोष्ट आहे, थांबलं की संपलं. पण तिचे नियम होते आणि ते मोडायला तिला रामकिसनच काय, शेठसुद्धा चालला नसता. दिवसाउजेडी कहाणी सांगितली की कुठंतरी कुणी वाटसरू वाट चुकतो. म्हणून सकाळी निवडताना पहिला जो खडा सापडेल तो तिला द्यायचा. ती तो पदराच्या टोकात गाठ मारून बांधायची, मग तोंड उघडायची. खडा म्हणजे वाट चुकलेल्याची खूण. संध्याकाळी सुटल्यावर फाटकाबाहेर रस्त्यावर गाठ सोडून खडा टाकायचा, म्हणजे त्याला त्याची वाट सापडते. दुसरा नियम हुंकाऱ्याचा. सांगणारीला कधीही थांबता येतं, तिचा घसा तिचा. पण जिनं हुंकारा दिला तिनं कहाणी पुरी झाल्याबिगर उठून जायचं नाही. "का गं?" नंदाबाईनं एकदा विचारलं होतं. "का म्हंजे? सांगनारी चालून चालून मागं बघती, आन् मागं कुनीच न्हाई. कसं वाटंल?" एवढंच उत्तर.

त्यात गंमत अशी की आसराबाईची कहाणी कधी पुरी होतच नसे. मीठवाली राणी तीच, पण दरवर्षी नव्या गावात. राजानं बाहेर काढल्यावर राणी डोक्यावर मिठाची गोणी घेऊन गावोगाव विकते. ज्या गावात जाईल तिथं काही ना काही अडलेलं असतं, कुणाची सून बोलत नसते, कुणाची विहीर खारी होते, आणि राणी चिमूटभर मीठ टाकून पुढं जाते. नंदाबाई हुंकारा देत राहिली. तिला कळलंच नाही कधी ते, पण तो हुंकारा सगळ्या शेडचा झाला होता. तिचं हूं लवकर आलं तर हात लवकर चालायचे, ती लांबवून म्हणाली तर हात सावकाश व्हायचे. वंदना नंतर आली, भावना तिच्याही नंतर, त्यांना तेच वाटे की निवडायची रीत अशीच असते.

एकदा मात्र घात झाला. राणीला चोर म्हणून पकडलं होतं आणि तिची गोणी दरबारात उघडायची होती. आसराबाईनं आवाज इतका खाली नेला की बायका पुढं वाकल्या. नंदाबाई हूं म्हणायची विसरली. सगळ्यांचे हात थांबले, आणि मग आसराबाई म्हणाली, "गोनीत काय निघालं, सांगा," आणि भावनानं उत्साहात हात उडवला तो सरळ शेजारणीच्या परातीवर. निवडलेलं आणि न निवडलेलं, चांगलं आणि टाकायचं, दिवसभराचं काम गोणपाटावर एक झालं. रामकिसन धावत आला. कपाळाला हात लावून तो म्हणाला, "सत्यानाश! कुनी केलं हे?" आसराबाई अगदी शांतपणे म्हणाली, "राजानं." बायका हसता हसता लवंडल्या. रामकिसन पाठ फिरवून उभा राहिला आणि त्याचेही खांदे हलताना दिसले. पुन्हा सगळं निवडलं त्यांनी, दिवे लागेपर्यंत, आणि जाताना रामकिसननं हळूच नंदाबाईला विचारलं, "पर गोनीत निघालं काय?" आता रामकिसन नाही. शेडही नाही. तिथं गाड्या उभ्या राहतात.

रिक्षा फाटकाशी थांबली. आसराबाई आत गेलेली होती. तिच्या चपला दाराशी होत्या, अंगठ्याला दोरा बांधलेल्या, नेहमीसारख्या भिंतीला टेकवून सरळ ठेवलेल्या. नंदाबाईनं आपल्या चपला त्यांच्या शेजारी ठेवल्या आणि उगाच एक क्षण तिथं उभी राहिली. सोमवारी इथं एकच जोड असेल. मग टोपी घातली, पायात प्लँटच्या चपला घातल्या, कानात नारिंगी बोळे सरकवले आणि आत गेली.

मशीनचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. बायका त्याला डोळेवालं म्हणत. गेल्या हंगामात ते आलं. वरून बी पडतं, काचेपुढून धार लागते, आत कॅमेरे असतात, आणि वाईट दाणा दिसला की बारीक हवेची फुंकर बसून तो बाजूला उडतो. फट्, फट्, फट्, तापल्या तव्यावर लाह्या फुटाव्यात तसं, आणि त्यामागं कंप्रेसरची घरघर. बायकांचं काम आता उभं राहायचं. बी ओतायचं, पडद्यावर लाल दिवा लागला तर बटन दाबायचं, पोती भरायची, वजन करायचं. आणि बघत राहायचं. मॅनेजर भागवत यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "कुणालाही कमी करणार नाही. काम सोपं होईल, मावशी." भागवत तरुण होते, त्यांची आई पिंपळगावचीच, म्हणून नंदाबाईला ते मावशी म्हणत आणि त्यांनी शब्द खरा केला. कुणी कमी झालं नाही. धूळ कमी झाली, वंदनाचा जुना खोकला गेला. पाठी वाकायच्या राहिल्या. तरी घरी जाताना बायका अशा दमलेल्या असत की रिक्षात बोलायला नको वाटे. दिवसभर निवडून येत तेव्हा बोटं दुखत, पण बोटं दुखणं म्हणजे कुठं दुखतंय ते तरी ठाऊक होतं. आता ते सापडतच नसे. भावना म्हणायची, "नुसतं बघून बघून आंग मोडून आल्यागत होतंय. लग्नात पंगत वाढायला न्हाई, जेवायला न्हाई, नुसतं दारात उभं केलंय आपल्याला."

मशीन आलं तेव्हा मीठवाली राणी गोदावरीच्या काठावर उभी होती. नदीला पाणी चढलेलं, मागं राजाची माणसं, डोक्यावर मीठ. पाण्यात उतरावं तर मीठ विरघळेल, थांबावं तर धरतील. तिथं संध्याकाळ झाली होती. आसराबाईनं फाटकाबाहेर खडा टाकला होता आणि म्हणाली होती, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी नव्या इमारतीत सगळ्यांच्या कानात बोळे आले. सुरुवातीला वंदनानं बोळे काढून ओरडून विचारलं होतं, "मावशी, राणीचं काय झालं?" आसराबाईनं हातानंच सांगितलं, ऐकू येत न्हाई. नंतर कुणी विचारलं नाही. डबा खायच्या सुट्टीत तासभर मशीन बंद असायचं, तेव्हा सांगता आली असती. पण खाताना ती सांगत नसे, आणि हातात काम नसताना सांगायला तिला कसंसंच व्हायचं. "रिकाम्या हातानं काय सांगू?" ती म्हणायची.

मग एक दिवस त्यांनी चूक केली. नंदाबाईला ती चूक आठवली की अजून बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. डबे खाऊन झाल्यावर आसराबाई उठली, मशीननं बाजूला टाकलेल्या बियांच्या पोत्यातून तिनं ओंजळभर बी काढलं, डब्याच्या झाकणात पसरलं आणि निवडू लागली. कुणी काही न बोलता वंदना तिच्या शेजारी बसली, मग भावना, मग नंदाबाई. छकुली बघत राहिली. टाकलेलंच बी, त्यातून काय निवडायचं? पण बोटं कशी चालायला लागली! जुनी गाय वाटेला लागावी तशी. नंदाबाईला वाटलं, आता. आता ती पहिला खडा मागेल. पण आसराबाई दाणे डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. बराच वेळ तिनं निवडलं. मग तळहात पुढं केला. तळहातावर काहीच नव्हतं. "एकबी चांगलं न्हाई निघालं," ती म्हणाली. "बिलकुल बराबर टाकलंय त्यानं." ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती जाणत्या माणसानं जाणत्याला मान द्यावा तशी म्हणाली. झाकण पोत्यात झटकलं आणि हात धुवायला गेली. भागवत दारातून बघत होते. ते रागावले नाहीत. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी मोठ्या शहरातून, बायकांचं मन हलकं करायला, एका मॅडमना बोलावलं.

आकांक्षा मॅडम लहान होत्या, नंदाबाईच्या धाकट्या भाचीएवढ्या, आणि मनापासून आलेल्या होत्या. सगळ्यांना काकू म्हणाल्या. टीम म्हणजे काय ते त्यांनी गोल उभं करून समजावलं. मग प्रत्येकीला एक फुगा दिला आणि एक पेन. "काकू, तुम्हाला ज्या गोष्टीचा थकवा वाटतो ती यावर लिहा. आणि मग आपण सगळ्या मिळून तो फोडायचा! मनावरचं ओझं फुटू दे." बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. वंदनानं विचारलं, "फोडायचाच का मॅडम?" "हो, जोरात!" एक, दोन, तीन झालं. एकही फुगा फुटला नाही. भावनानं तिचा आधीच ओच्यात लपवला होता, नातवासाठी. वंदनाच्या फुग्यावर लिहिलं होतं 'गुडघे', तो तिनं पाठीमागं धरला होता. छकुली म्हणाली, "चांगला निळा हाय मॅडम, कशाला फोडायचा?" मॅडम क्षणभर गोंधळल्या आणि मग मोकळ्या हसल्या, त्या हसण्यानं बायकांना त्या आवडल्या. मग त्यांनी प्रत्येकीला यंत्राबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगायला लावली. वंदना म्हणाली, खोकला गेला. छकुली म्हणाली, सावली हाय, पंखा हाय. नंदाबाईची पाळी आली तेव्हा ती नुसती हसली आणि मान हलवली. आसराबाई म्हणाली, "ते चुकत न्हाई." मॅडमनी फळ्यावर लिहिलं. "आन् बोलू देत न्हाई," आसराबाई म्हणाली. मॅडम खडू हातात धरून थांबल्या. मग त्यांनी तेही लिहिलं, वरच्या ओळीखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. त्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी टाकीजवळ आसराबाईनं जाणार असल्याचं सांगितलं. आणि नंदाबाई म्हणाली, हूं.

काल भागवत यांनी नंदाबाईला बोलावून घेतलं होतं. खुर्ची दिली. "मावशी, आसरामावशी गेल्या की वंदनाताई जाणार. त्या दोघी गेल्या की भावनाताई. मला नवी माणसं मिळतील, पण हे जे तुमचं आहे ते मिळणार नाही, हे मला कळतं. मला ते बनवता येत नाही. तुम्ही बोला की त्यांच्याशी. तुमचं ऐकतील." नंदाबाई खुर्चीच्या कडेवर बसून पदर सारखा करत राहिली. तिचं कोण ऐकेल? तिनं जन्मभर ऐकलं होतं. सासूचं, आबारावांचं, पोरांचं, आसरेचं. ऐकणं तिला येत होतं, त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बोलणं? ती आसराबाईला काय म्हणणार होती, जाऊ नको? रामेश्वर चांगला मुलगा होता, सून मायाळू होती, बदनापूरला त्यांचं पक्कं घर होतं. म्हाताऱ्या बाईनं मशीनपुढं उभं का राहावं? नंदाबाईपाशी फक्त एवढंच होतं की राणी काठावर उभी होती, आणि कुणीतरी तिला तिथंच सोडून जात होतं.

दुपारी जेवणाआधी एकदा मशीन बंद करून काच पुसावी लागते. काचेवर बियांची बारीक भुकटी बसते आणि मग डोळ्यांना दिसेनासं होतं. हे काम आसराबाईनं स्वतःकडं घेतलं होतं. मऊ फडकं घेऊन ती काच अशी पुसायची की जणू कुणाच्या आजारी पोराचं तोंड पुसतेय. आज भागवत यांनी स्वतः बटन दाबलं. घरघर खाली खाली आली आणि थांबली. अशा वेळी कानात बोळे असूनही एक पोकळी उघडते. बायकांनी बोळे काढले. कुठंतरी एक चिमणी पत्र्यावर नखं घासत होती ते ऐकू आलं. आसराबाई पाठ करून काचेशी गेली. शेवटचा दिवस असला की माणसं मुद्दाम साधं वागतात. वंदना पोत्याचं तोंड शिवायला बसली, छकुली झाडू घेऊन उभी राहिली.

नंदाबाई टाकलेल्या बियांच्या पोत्याशी गेली. हात आत घातला. भुसभुशीत, हलकं, किडकं बी बोटांतून गेलं. तिला हवा होता तो सापडेना. मशीन चुकत नाही, म्हणजे खडाही त्यानं इथंच टाकला असणार. कोपरापर्यंत हात घातला तेव्हा बोटाला लागला. भेंडीच्या दाण्याएवढाच, दाण्याच्याच रंगाचा, पण थंड. मशीननं त्याला बरोबर ओळखलं होतं. तिनं तो बाहेर काढला, पदराच्या टोकात ठेवला आणि गाठ मारायला लागली. गाठ दोनदा सुटली. भावनानं मान वर करून पाहिलं. वंदनाच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"तर," नंदाबाई म्हणाली. आणि तिचा आवाज तिला इतका परका वाटला की ती थांबली. रामकिसन असता तर चपला वाजवत आला असता. "तर ती मीठवाली रानी. नदीच्या काठाला उभी."

कुणी हुंकारा दिला नाही. कोण देणार? देणारीच तर सांगत होती. बायकांना काय करावं कळेना. आसराबाईचा हात काचेवर फिरत होता, एकसारखा, वरून खाली.

"मागून राजाची मानसं आली. घोड्यावर. म्हंजे... होते घोडे. आन् नदीला पानी. मंग रानीनं काय केलं," आणि इथं नंदाबाईला पुढचं काहीच सुचलं नाही. तिनं इतक्या वर्षांत हजार वेळा पुढं सांग म्हटलं होतं, पुढं म्हणजे काय असतं हे तिला कधी बघावं लागलं नव्हतं. पुढं म्हणजे नुसती अंधारी जागा होती आणि आसरा रोज त्या अंधारात पाय टाकत आली होती, एकटी, फक्त मागून येणाऱ्या एका हूंच्या भरवशावर. तोंडाला येईल ते तिनं सांगितलं. "मंग रानी शहागडच्या पुलावरून पलीकडं गेली."

छकुली फुसकन् हसली. वंदनानं तोंडाला पदर लावला.

काचेवरचा हात थांबला. "तवा पूल होता का गं?" आसराबाई पाठमोरीच म्हणाली.

"होता."

"राजाच्या वक्ताला? शहागडचा पूल? आन् वरून टरक बी गेला आसंल."

"गेला एक," नंदाबाई म्हणाली. तिला आपलंच आश्चर्य वाटलं. "पर थांबला न्हाई."

आता भावनासुद्धा हसली. आसराबाई हसली नाही. "तुला सांगता येत न्हाई नंदे. गप बस. कशाला उगं रानीची इज्जत घालवती?"

"मंग तू सांग."

"मी न्हाई सांगत. मी चाल्ले."

"मंग मी सांगते. मला येईल तशी सांगते," नंदाबाई म्हणाली. "पूल नव्हता. बराबर हाय तुझं. पूल नव्हता, नावबी नव्हती. रानी काठावर उभी राह्यली. तिला वाटलं, मीठ टाकून द्यावं आन् पवत जावं पलीकडं. पलीकडं तिच्या लेकाचं घर होतं. पक्कं घर. सून चांगली. मीठ टाकलं तर कुनी तिला बोल लावला नसता. डोक्यावर वागवून मान मोडली होती तिची. आन् गावोगाव आता मीठ पुड्यात मिळाया लागलं होतं, सपेद, बारीक, एक खडा न्हाई त्याच्यात. तिचं मीठ कुनाला नको होतं. हे तिला ठावं होतं." ती थांबली. दम घेतला. भागवत दारात उभे होते, त्यांचा हात बटनाच्या पेटीवर होता. "मावशी, चालू करू?" त्यांनी हळूच विचारलं. नंदाबाईनं त्यांच्याकडं न बघता हात वर केला, थांबा म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं कुणाला असं थांबवलं असेल. "तर रानीनं गोनी खाली ठिवली. आन् मागं वळून बघितलं. तिला वाटलं होतं, मागं राजाची मानसं आसतील. तर मागं एक बाई उभी. गावची, साधी. पयल्या गावापासून मागं मागं आलेली. रानीनं तिला कधी बघितलंच नव्हतं. कारन ती कधी बोललीच न्हाई. नुसती चालत आल्ती. रानी म्हनली, तू कोन? आन् त्या बाईला बोलता येईना. तिला बोलायची सवयच नव्हती. रानीनं परवा तिला सांगितलं होतं, मी चाल्ले म्हनून, तवाबी तिला बोलता आलं न्हाई. तिला लई बोलायचं होतं."

शेडमध्ये, म्हणजे त्या नव्या इमारतीत, काहीच वाजत नव्हतं. चिमणीही गेली असावी. नंदाबाई आसराबाईच्या पाठीकडं बघत होती. ती पाठ तिनं कधी बघितली नव्हती, नेहमी बाजूनं बघितली होती, एक कान, एक चमकी, हलणारा ओठ. पाठ वाकलेली होती. ओळखीची नाही वाटली. पुढं काय सांगावं हे तिला ठाऊक नव्हतं. आणि मागं कुणीच नव्हतं. आसरानं सांगितलं होतं तसंच होतं ते. चालून चालून मागं बघायचं.

"मंग," ती म्हणाली, "मंग त्या बाईनं..."

आसराबाईनं फडकं झटकलं. त्याची चौपदरी घडी घातली, काचेच्या कडेवर ठेवली. वळली नाही. वंदना नंतर सांगायची की तेव्हा आसरामावशीनं डोळे मिटले होते, काचेत दिसत होतं. छकुली म्हणायची, न्हाई, उघडे होते. नंदाबाईला काहीच दिसलं नाही. तिला फक्त ऐकू आलं. कधीच कुणाला हुंकारा न दिलेल्या बाईचा असतो तसा, जाड, खरखरीत, शेवटाला वर उचलायचा असतो हेही ठाऊक नसलेला.

"हूं," आसराबाई म्हणाली.

भागवत यांनी थोडा वेळ जाऊ दिला, मग बटन दाबलं. घरघर वर वर चढत गेली. बायकांनी बोळे कानात घातले आणि आपापल्या जागी गेल्या. बी काचेपुढून पडू लागलं. नंदाबाई पोत्याशी उभी राहिली. पदराच्या टोकात खडा होता, लहानसा, हलताना कमरेला लागत होता. संध्याकाळी फाटकाबाहेर टाकायचा का ठेवायचा, हे तिला आसरेला विचारायला लागणार होतं. नियम तिलाच ठाऊक होते, हुंकारा दिला की मधेच उठून जायचं नाही हासुद्धा. आणि सोमवारी पुढं काय सांगायचं याचा काही पत्ता नव्हता.